अस्वलाची गार उशी

त्सेर्कनो, १६ मे

चि. येर्नेय,

अनेक आशीर्वाद. पोलोनालाही सांग, आणि नेझाच्या दोन्ही गालांचे माझ्या वतीने पापे घे. इकडे सगळं ठीक आहे. गुडघा दुखतो, पण तो काही मला विचारून दुखत नाही, तेव्हा त्याचं सोड. चेरीला यंदा मोहर भरभरून आला होता, मग एप्रिलातल्या थंडीने अर्धा खाल्ला. आमच्या फिरत्या वाचनालयाची गाडी अजून लोइझेच चालवतो आणि अजूनही ऐन वळणावर मागे मान वळवून माझ्याशी गप्पा मारतो. मग फळीवरची पुस्तकं माझ्या डोक्यावर येतात आणि मी त्याचा उद्धार करते. म्हणजे सगळं नेहमीसारखंच.

पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू "हो आई, बरं आई" करत असतोस आणि मागून भांड्यांचा आवाज येत असतो. पत्राला "बरं आई" म्हणून सुटता येत नाही. वाचावं लागतं.

तर तुझा निरोप मिळाला. "आई, नेझासाठी सुट्टीत वाचायच्या चांगल्या पुस्तकांची यादी करून पाठव. सात वर्षांच्या मुलीला शोभतील अशी. मरण नको, भांडणं नकोत, घर सोडून जाणारं कुणी नको. भीतीदायक प्राणी नकोत. शेवट गोड पाहिजे आणि काहीतरी शिकवण असेल असं बघ." आणि खाली वेगळी ओळ: "मागच्या वेळी दिलंस तसलं काही दिलंस, तर जुलैत तिला तिकडे पाठवायचं की नाही ह्याचा विचार करावा लागेल."

वा रे वा! अरे, मी काय बाजारात भाजी आणायला निघालेय? देठ नको, बी नको, कडू नको? आणि वर धमकी. कुणाला, तर मला. ज्या बाईने तुला मांडीवर घेऊन वाचायला शिकवलं तिला.

मागच्या वेळचं पुस्तक म्हणजे ते लांडग्याचं ना? त्यात लांडगा कोंबडी खातो आणि कोंबडी परत येत नाही. बाकीच्या कोंबड्या तिची आठवण काढतात, तिच्या जागेवर कुणी बसायचं ह्यावरून कुरकुरतात आणि मग बसतात. बस, एवढंच. फार चांगलं पुस्तक आहे. ह्या खोऱ्यातल्या पोरांनी ते इतकं वाचलंय की मला दोनदा नवी प्रत मागवावी लागली.

ह्याच पुस्तकावरून मध्यंतरी व्हिंको आला होता, वरच्या गावातला, दुधाचा धंदा करतो तो. पुस्तक हातात धरून गाडीच्या पायरीवर उभा. "झोफ्काबाई, हे काय? ह्यात रक्त दाखवलंय. माझी उर्शा घाबरेल."

मी म्हटलं, "व्हिंको, हिवाळ्यात तुझ्याकडे डुक्कर कापलं तेव्हा रक्ताचं घमेलं कुणी धरलं होतं?"

"ते वेगळं."

"कुणी धरलं होतं?"

"उर्शाने," तो म्हणाला. "पण ते घरचं डुक्कर होतं ना, बाई!"

लोइझे स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसायला लागला. व्हिंकोसुद्धा मग हसला, पण ओशाळून. पुस्तक घेऊन गेला बिचारा, आणि आता उर्शाने तिसऱ्यांदा मुदत वाढवून घेतलीय. घाबरलेली पोरं अशी नसतात.

तेव्हा ऐक. यादी मी करतेय, पण तुझ्या अटींवर नाही. माझी एकच अट आहे आणि ती तुला लहानपणापासून माहीत आहे. मूल "पुन्हा" म्हणालं तर पुस्तक चांगलं. बाकी सगळं प्रकाशकांचं बोलणं. शिकवण असलेली पुस्तकं मी गाडीत सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलीयत, जिथे पोरांचा हात पोचत नाही. त्यातला ससा पहिल्या पानावर दात घासत नाही आणि शेवटच्या पानावर घासतो. पोरं इतकी खुळी नसतात रे. दुसऱ्या पानावरच त्यांना कळतं की हा ससा आपल्या अंगावर सोडलाय.

तर पहिलं म्हणजे ते आजोबांचं पुस्तक. आजोबा सगळं विसरत जातात, मोजे हातात घालतात, नातवाला भाऊ समजतात. नातू म्हणतो, ठीक आहे, आज मी भाऊ. गोड शेवट पाहिजे असेल तर ह्याहून गोड मला माहीत नाही, आणि आजोबा काही बरे होत नाहीत. दुसरं, किड्यांचं. गोष्टबिष्ट काही नाही, नुसते किडे. कोण कुणाला खातो, कोण शेणात राहतो. मुलांना वाचनाची गोडी नाही म्हणून रडणाऱ्या आयांना मी आधी हे देते. पोलोनाच्या मैत्रिणींनाही सांग, नाक मुरडू नका, घरी न्या आणि जेवताना मोठ्याने वाचा. वाईट वाचलंत तरी चालेल, अडखळलात तर पोरांना उलट मजा येते. तिसरं, एक मुलगी शाळेत सांगते की आमच्याकडे घोडा आहे. घोडा नसतो. मग तिला तो घोडा सांभाळावा लागतो, त्याला खरारा करावा लागतो, त्याच्या आजारपणात शाळा बुडवावी लागते. पकडली जाते का? नाही. शिक्षा होते का? नाही. आमच्या शाळेतल्या मास्तरीणबाईंनी मला विचारलं होतं, "मग ह्यातून मुलं काय घेणार?" मी म्हटलं, "घोडा."

आणि लांडगा. लांडगा यादीत राहणार.

"घर सोडून जाणारं कुणी नको" ही अट मात्र इतक्या वर्षांत मला कुठल्या आईबापाने घातली नव्हती. लोक मरणाला घाबरतात, भुताला घाबरतात, नागड्या चित्रांना घाबरतात. ही नवीनच. असो, शहरातल्या फॅशन असतील.

आता खरं काम. मे दिनाच्या सुट्टीत नेझा इथे होती तेव्हा एक दिवस मी तिला गाडीतून सोबत नेलं होतं. पोरगी हुशार आहे, पुस्तकांवर शिक्के मारून दिले, लोइझेला बिस्किटं भरवली. शाळेच्या वाचनाच्या बिल्ल्यासाठी एक पुस्तक स्वतःच्या शब्दांत मोठ्या माणसाला सांगायचं असतं, तुलाही करावं लागायचं, आठवतं ना? तू नेहमी पोस्टमनला सांगायचास. तर ती म्हणाली, "आजी, मी तुला सांगते."

तिने सांगितलेली गोष्ट अशी. एक अस्वल-बाबा असतं. ते पिल्लाच्या गुहेत राहत नाही, लांब नदीपलीकडे दुसऱ्या गुहेत राहतं. पण हे पिल्लाला कळू द्यायचं नसतं. म्हणून ते रोज पहाटे अंधारात नदी ओलांडून येतं, ओले पाय पुसतं, बूट दाराआड लपवतं आणि आपलं अंथरूण मुद्दाम विस्कटतं. मग अंगाला आळोखेपिळोखे देत म्हणतं, "काय झोप लागली हो!" पिल्लू एक दिवस जाऊन उशांवर हात ठेवून बघतं. आई-अस्वलाची उशी ऊबदार. बाबा-अस्वलाची गार.

"पुढे?" मी विचारलं.

"पुढे माहीत नाही. पुस्तक परत द्यायचं होतं," ती म्हणाली.

येर्नेय, मला ते पुस्तक हवंय! लिहिणाऱ्याला अस्वलांतलं ओ की ठो कळत नाही, नर अस्वल कधी पिल्लांपाशी राहतं का? पण घरातलं सगळं कळतं. गार उशी! हे ज्याला सुचलं त्याच्या हाताचा मुका घेतला पाहिजे. मी आल्या आल्या शोधायला बसले. आमच्याकडे नाही. देशभरातल्या वाचनालयांत नाही. तोलमिनच्या वाचनालयातल्या दानिलाला फोन केला, ती म्हणाली, "इटालियन असेल, त्यांना अश्रू काढायची हौस." तिकडेही नाही. मग मी सरळ पोरांना गाडीत सांगायलाच लागले, पुस्तकाशिवाय. तुला काय सांगू! ज्या ज्या थांब्यावर सांगितलं तिथे दुसऱ्या फेरीला पोरं पायरीवर चढायच्या आधीच ओरडतात, "अस्वलाचं पुन्हा!" व्हिंकोची उर्शा तर म्हणाली, पिल्लाने गुपचूप बाबाची उशी ऊन करून ठेवावी.

यादीत पहिली जागा मी त्याच्यासाठी मोकळी ठेवलीय. नेझाला किंवा पोलोनाला विचारून नाव कळव, लेखक कळव, निदान मुखपृष्ठाचा रंग तरी. लवकर.

नेझाच्या जुलैतल्या खोलीला रंग दिलाय. पिवळा. तू विचार कर हवा तेवढा, रंग वाळलाय.

तुझी हट्टी
आई


त्सेर्कनो, ७ जून

येर्नेय,

आज आशीर्वाद शेवटी देईन. आधी बोलते.

तुझा फोन आला तेव्हा मी शाळेच्या थांब्यावर होते. भोवती पोरांचा गलका. तू म्हणालास, "असं पुस्तक नाहीये, आई."

आणि मी शहाणी तुझ्याशी वाद घालत बसले! "नाही कसं? यादीत सापडलं नाही म्हणजे नाही असं होत नाही. परदेशी असेल, जुनं असेल, एखाद्या छोट्या प्रकाशकाचं असेल." सगळी अक्कल पाजळली. तू पुन्हा म्हणालास, "आई. असं पुस्तक नाहीये." आणि फोन ठेवलास.

मी पायरीवर बसले. लोइझेने विचारलं, "काय झालं, झोफ्का? कुणी गेलं का?" मी म्हटलं, "हो. कुणीतरी गेलंय आणि मला आत्ता कळलं." जगात कुणाला सुचलं नसतं ते मी केलं, येर्नेय. माझी नात मला तिच्या घरातलं सांगत होती आणि मी ते पुस्तकांच्या यादीत शोधत होते. दानिलाला फोन, इटलीत चौकशी! दुसरी कुठलीही आजी असती तर तिने पोरीला जवळ घेतलं असतं. मी विचारलं, "लेखक कोण?"

आणि वर तुझं घर मी सगळ्या खोऱ्याला ऐकवलं. घाबरू नकोस, अस्वल कोण ते कुणाला माहीत नाही. आणि सांगायची थांबणारही नाही. एका पोराने मागच्या आठवड्यात गोष्ट संपल्यावर माझ्या कानात सांगितलं की त्याच्या घरी आईची उशी गार असते. त्याला मी काय सांगू, की हे सात वर्षांच्या मुलांना शोभत नाही?

दुसऱ्या दिवशी तुझा मेसेज आला. "नेझा जुलैत येणार नाही. तू तिच्या डोक्यात नको ते भरवतेस. तू माझ्याशी जे केलंस ते मी तिच्याशी होऊ देणार नाही."

बरं झालं लिहिलंस. तीस वर्षं तू हे दातांखाली धरून होतास आणि मी तुला विचारत नव्हते. आता बोलूच.

तुझा बाप झाड पाडताना गेला. फेब्रुवारी होता, दुपारची जेवायची वेळ. माणसं मला अंगणात सांगून गेली. तुझी आत्या म्हणाली, पोराला आत्ता सांगू नकोस. पाद्री म्हणाले, बाबा दूर कामाला गेलेत असं सांग, हळूहळू कळेल. शेजारणी म्हणाल्या, आधी त्याला आमच्याकडे पाठव. सगळ्यांना तुझी काळजी होती. मी आत आले, तुझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "येर्नेय, बाबांच्या अंगावर झाड पडलं आणि ते मेले. ते आता परत येणार नाहीत." तुझ्यासमोर सूप होतं. तू ते संपवलंस आणि मग ओरडायला लागलास.

तू म्हणतोस मी निर्दयपणे सांगितलं. आईने सूप संपेपर्यंत तरी थांबायचं होतं, असं तू एकदा पोलोनाला म्हणाला होतास, मी जिन्यात होते. मला त्याचं वाईट वाटतं, खूप वाटतं. पण मी पुन्हा तसंच करेन. उद्या सकाळी पुन्हा तो दिवस आला तरी तेच वाक्य बोलेन. कारण त्या दिवसानंतर तू दाराकडे बघत बसला नाहीस. गल्लीतल्या सगळ्यांना माहीत आणि तुला माहीत नाही, असं एक दिवसही झालं नाही. तू माझ्यावर रागावलास, भांडलास, लाथा झाडल्यास, पण मी सांगते ते खरं असतं ह्याबद्दल तुला कधी संशय आला नाही. मी तुला आणखी काही देऊ शकले नाही. तेवढं दिलं.

आता तुझ्याकडे येते. तू आणि पोलोना वेगळे झालात ह्यावर मी एक अक्षर बोलणार नाही. मोठी माणसं आहात. पोलोना मला तेव्हाही आवडायची, आताही आवडते, आणि तू माझा आहेस. पण फेब्रुवारीपासून तू रोज पहाटे शहराच्या दुसऱ्या टोकाहून पहिल्या बसने येतोस, कोट कपाटात कोंबतोस, पायजमा घालतोस आणि अंथरूण विस्कटतोस! अरे गाढवा! मला हे कळलं तेव्हा मी एकीकडे रडत होते आणि एकीकडे तुला चार ठेवून द्याव्या असं वाटत होतं. एवढं प्रेम आणि एवढा मूर्खपणा एका माणसात कसा मावतो?

तुझा निरोप मिळाला की मी गप्प बसेन असं तुला वाटलं असेल. गुरुवारी मी पोलोनाला फोन केला. म्हटलं, "मी येतेय. नेझाला शाळेतून मी घेते. नको म्हणायचं असेल तर आत्ता म्हण." ती म्हणाली, "या, आई. माझ्याच्याने आता रोज ते नाटक बघवत नाही. त्याला सांगून मी थकले." तेव्हा तिच्यावर ओरडू नकोस. ओरडायचं तर माझ्यावर.

शुक्रवारी मी सकाळच्या बसने लुब्लियानाला गेले. शाळेच्या फाटकाशी नेझाने मला बघितलं आणि पळत न येता हळूहळू चालत आली. तेव्हाच मला कळलं, हिला ठाऊक आहे मी का आलेय. आम्ही स्टँडसमोर बुरेक घेतला, पापुद्र्यांत चीज भरून भाजतात तो, आणि बाकावर बसलो. गरम होता, दोघींच्या बोटांना तेल.

तीच म्हणाली, "आजी, अस्वलाचं पुस्तक सापडलं?"

"नाही. ते पुस्तक नाहीच ना?"

तिने बुरेकचा पापुद्रा सोलला. "रागावलीस?"

"छे! मला तर ते सगळ्यांत जास्त आवडलं. गाडीतल्या पोरांनाही आवडलं. पुन्हा पुन्हा मागतात."

"खरंच?" एवढीशी फुशारली. मग लगेच गंभीर झाली. "पण बाबांना सांगू नकोस."

"काय सांगू नको?"

"मला माहीत आहे ते. बाबांना वाटतं मला माहीत नाही. ते किती लवकर उठतात माहितीये? मला किल्लीचा आवाज येतो. मग मी डोळे मिटून पडून राहते. त्यांचं सगळं होईपर्यंत उठत नाही. एकदा मला शू लागली होती तरी उठले नाही. मध्येच उठले तर ते सापडतील ना. मग त्यांना वाईट वाटेल."

येर्नेय, वाचलंस? पुन्हा वाच. तू तिला सांभाळतोयस असं तुला वाटतं. सात वर्षांची पोरगी रोज पहाटे श्वास रोखून तुला सांभाळतेय.

मग तिने मला विचारलं. तुला माहीत आहे, पोरं माझ्याकडे काहीही मागतात: भुताचं दे, पादण्याचं दे, ज्यात बहीण हरवते असं दे. मी फळीकडे न बघता हात घालते आणि काढून देते. ती म्हणाली, "आजी, तुझ्या गाडीत बाबांसाठी पुस्तक आहे का? ज्यात बाबा-अस्वल सांगून टाकतं, आणि पिल्लू थोडं रडतं, पण नंतर काही होत नाही? तू निवडून दे. तू दिलंस तर ते वाचतील."

आणि मला एकही आठवलं नाही. पहिल्यांदा. मी तिला खरं ते सांगितलं, "असं पुस्तक माझ्याकडे नाही, राणी. हे बाबांना पुस्तकाने नाही कळायचं. त्यांना माणसाने सांगावं लागेल. मी सांगणार आहे."

ती बाकावरून उठली. "तू म्हणालीस तू रागावली नाहीस! मी तुला गुपित सांगितलं!" उरलेला बुरेक बाकावर टाकला आणि घरापर्यंत माझा हात धरला नाही. दारात पोलोनाला बिलगली, माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. आज सकाळी मी फोन केला तर आली नाही फोनवर.

मला ते झोंबलं. खोटं कशाला सांगू, येताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. पण मी वचन दिलं नव्हतं, आणि दिलं असतं तरी मोडलं असतं. तू रागावलायस, ती रागावलीय, रागवा दोघं. मला तुम्ही दोघं हवे आहात, पण खोटेपणात नको. जुलैत पाठव नाहीतर नको पाठवूस. त्या धमकीवर मी माझ्या तोंडाला कुलूप घालणार नाही, एवढं पक्कं समज.

यादी सोबत जोडलीय. लांडगा आहे, आजोबा आहेत, घोडा आहे. तुझ्या एकाही अटीत बसत नाही. पोलोनाच्या मैत्रिणींना दे, त्यांना सांग मोठ्याने वाचा, पोरांनी प्रश्न विचारले तर पान उलटून पळू नका. पहिली जागा कोरी सोडलीय आणि तशीच राहील. ते पुस्तक लिहिणारी मला माहीत आहे आणि ती मला आता काही सांगणार नाही.

हे पत्र तुला मंगळवारी मिळेल. बुधवारी पहाटे तू किल्ली लावशील तेव्हा ती जागी असेल. डोळे मिटलेले असतील, पण जागी असेल. कोट अंगावर असू दे. बूट लपवू नकोस. तुमच्या खोलीत न जाता सरळ तिच्या खोलीत जा, पलंगाच्या कडेला बस आणि तिला सांग की बाहेरून आलोय. तेवढं पहिलं वाक्य अवघड आहे. मला माहीत आहे किती अवघड आहे ते. त्यानंतर ती जे विचारेल त्याचं उत्तर दे आणि तिला रडायचं असेल तेवढं रडू दे.

आणि आधी तिला बाथरूमला जाऊ दे.

आशीर्वाद आहेतच, ते कुठे जातात.

आधी नेझाची आजी, मग तुझी आई,
झोफ्का